जिनिंगचा सर्व्हर आणि माझा अलर्ट

२ नोव्हेंबर
आजपासून माझी धावपळ बंद. लाइट गेली की सर्व्हर स्वतःच 'जिनिंग परिवार' ग्रुपवर अलर्ट टाकेल. यूपीएस दहा मिनिटे टिकतो. तेवढ्यात जो जवळ असेल त्याने जनरेटर सुरू करायचा. वजनकाट्याच्या पावत्या थांबणार नाहीत. मालक किसनराव म्हणाले आहेत, कापूस खरेदीचा मुहूर्त नीट पार पडला तर पर्मनंट करतो. म्हणजे झालोच.

३ नोव्हेंबर
लाइट चारदा गेली. अलर्ट चारदा आला. जनरेटर चारही वेळा मीच सुरू केला. काट्यावरचा गणेश म्हणतो, इंग्रजी कोन वाचते बे? मले वाटलं बँकेचा मेसेज हाय.
लोकांची तयारी कमी पडते.

४ नोव्हेंबर
अलर्ट मराठीत केला. पहिला मसुदा: 'लाइट गेली. जनरेटर सुरू करा.' फार उद्धट. ग्रुपवर किसनरावांचे सासरेही आहेत. नवा मसुदा शाळेतल्या अर्जासारखा: 'सर्वांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की...' आधी 'खेद' होता, पातळ वाटला. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले.

५ नोव्हेंबर, सकाळ
मुहूर्त. किसनराव म्हणाले, आज सर्व्हरपासून हालू नको. पण यूपीएसची नवी बॅटरी खामगावला येऊन पडली आहे, आणि माझ्या जागी अलर्ट आहेच. एसटीत बसलो.

दुपार, खामगाव स्टँड
अलर्ट गेला! पटापट उत्तरे. सगळ्यांनी हात जोडले. अकाउंटच्या पूनम मॅडमनी लिहिले, भावपूर्ण श्रद्धांजली. सासऱ्यांनी लिहिले, ईश्वर कुटुंबाला बळ देवो.
कोणाकडे तरी मयत झालेली दिसते. त्यात माझा अलर्ट मध्येच आला. बरे दिसले नाही. मीही हात जोडले.

संध्याकाळ
मयत कुठेच नव्हती. मोबाइलवर पहिली ओळच दिसते, पुढचे उघडावे लागते. कोणी उघडले नाही. सर्व्हर बंद, पावत्या बंद, ट्रॅक्टरची रांग पार सडकेपर्यंत. गणेश म्हणतो, म्या तं सगळ्यात आंधी हात जोडले, अजून काय करू? ऑफिसात सासऱ्यांचा फोन आला, अंत्यविधी किती वाजता? तो किसनरावांनीच उचलला.

६ नोव्हेंबर
यंत्रणेत दोष नाही. फक्त मजकुरात सुधारणा हवी. ती सांगायला गेलो, तर किसनराव म्हणाले, सर्व्हर पूनमबाई पाहीन. तू काट्यावर बस अन् हातानं पावत्या लिही, अक्षर चांगलं हाय तुयं.
पर्मनंटचा विषय त्यांनी काढला नाही. काट्यावरची पहिली पावती सुबक अक्षरात लिहून झाली की मी काढणार होतो, पण रांगेतले एक काका खिडकीतून ओरडले, भाऊ, अक्षर मंग कोरजा, आंधी गाडी खाली होऊ द्या.