सोफे आणि चढाच्या गाड्या

अण्णा, आज दुपारी शोरूमच्या काचेमागे उभी असलेली उंच टायरांची, चारही चाकांनी ओढणारी फोर-व्हील गाडी मी स्वतः मागच्या शेडमध्ये नेऊन लावली आणि तिच्या जागी एक पांढरी, गुळगुळीत, ऑटोमॅटिक गाडी आणून ठेवली. तुम्ही असता तर काय म्हणाला असता ते मला तोंडपाठ आहे. तरीही ते हातून झालं. हे तुम्हाला दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगावं असं वाटलं.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा धंदा आठवायचा म्हटलं की मला हे बायपासचं काचेचं शोरूम आठवत नाही, परदेशीपुऱ्यातली पत्र्याची शेड आठवते. मिल बंद पडली, फिटरची नोकरी गेली, आणि तुम्ही महूच्या लिलावातून लष्कराची एक मोडकी जीप ओढून आणलीत. आईनं कपाळाला हात लावला होता. मी शाळेतून तुमचा डबा घेऊन येते तेव्हा तुम्ही त्या जीपखाली आडवे असता, नुसते पाय बाहेर. मी डबा पायाशी ठेवते आणि तुम्ही खालूनच विचारता, "भाजी कोणती आहे, बेटा?" ती जीप चालू झाली, विकली गेली, मग दुसरी आली. जंगलातले ठेकेदार, खदानवाले, नर्मदेकडचे शेतकरी असे लोक यायचे. गिऱ्हाईक आलं की तुम्ही भाव सांगायच्या आधी त्याला गाडीत बसवायचात. "बैठो तो सही, भिया," म्हणायचात आणि मग हळूच माझ्याकडे बघायचात. उंच बसलं की माणसाची पाठ आपोआप सरळ होते, हे तुमचं लाडकं वाक्य. पुढे कंपनीनं एजन्सी दिली, शोरूम झालं, पण तुमचं विकणं तेच राहिलं. तुम्ही माणसाला गाडीपेक्षा ती सरळ पाठच विकायचात.

मी कॉलेजात असताना एका रविवारी तुम्ही मला चोरलकडच्या एका दगडी उतारावर नेलंत आणि चावी माझ्या हातात दिलीत. खाली नदी, मध्ये रस्ता म्हणावा असं काही नाही. मी निम्म्यावर आले आणि घाबरून ब्रेकवर उभीच राहिले. गाडीची मागची बाजू सरकली. "पाय काढ," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "अण्णा, घसरेल ना!" "ब्रेक मारलास म्हणून घसरतेय. लो गिअर टाकलाय, इंजिन धरून ठेवतंय तिला. तू फक्त स्टेअरिंग सरळ ठेव." मला ते जमेना. तेव्हा तुम्ही गाडी थांबवायला लावलीत, दार उघडून खाली उतरलात आणि म्हणालात, "मी पायी जातो खाली. तू घेऊन ये." मागे वळूनही पाहिलं नाहीत. मला इतका राग आला होता की त्या रागातच मी पाय उचलला, आणि गाडी एखाद्या म्हातारीसारखी एकेक दगड चाचपत खाली उतरली. तुम्ही खाली भुट्टा खात उभे होतात. अर्धा मोडून मला दिलात. त्या दिवसापासून मी शोरूममध्ये बसायला लागले.

पण आपलं भांडणही तिथलंच आहे. तुमच्या शेवटच्या वर्षांत मी म्हटलं होतं की लोक आता सनरूफ विचारतात, ऑटोमॅटिक विचारतात, एखादी तशी गाडी काचेमागे ठेवू या. तुकोगंजहून आलेलं एक जोडपं समोरच बसलं होतं. तुम्ही त्यांच्यादेखत म्हणालात, "माझ्या दारात सोफे विकायचे नाहीत. नुसतं बसायचंच असेल तर घरी बसा म्हणावं." ते दोघं चहा तसाच ठेवून उठले. मी संध्याकाळपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. आणि गंमत बघा, तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी तुमचंच खरं झालं. फोर-व्हीलची अशी हवा आली की विचारू नका. कंपन्यांत नोकरी करणारी मुलं, बिल्डरांची मुलं, ज्याला त्याला तीच हवी. बुकिंग करून महिनोन्महिने थांबायचे. रविवारी जानापावच्या डोंगराकडे रांग लागायची, आणि सोमवारी मुद्दाम न धुतलेला चिखल घेऊन ही मंडळी ऑफिसला जायची. मला वाटलं, चला, अण्णा जिंकले.

मग ते ओसरलं. एकदम नाही, हळूहळू. आधी वेटिंग संपलं, मग स्टॉकमधल्या गाड्यांवर धूळ बसायला लागली. सूट देऊन बघितली, मेळे लावून बघितले. शेवटी मला कळलं ते सुदामा नगरच्या एका आजींमुळे. त्यांचा मुलगा माझ्याकडूनच गाडी घेऊन गेला होता, तो बायको आणि आईला घेऊन परत आला. "ताई, एक्सचेंज करायचीय." मी म्हटलं, "त्रास दिला का काही?" "नाही हो, गाडी एकदम मस्त आहे. पण आईला चढता येत नाही." आजी मधेच म्हणाल्या, "हा मला दर वेळी पोत्यासारखी वर ढकलतो. परवा भाचीच्या लग्नाला गेलेच नाही मी. म्हटलं, हॉलच्या दारात सगळ्यांसमोर कोण ढकलून घेणार?" मी मुलाला विचारलं, "फोर-व्हील कधी टाकलंस?" तो लाजला. "एकदा. पार्किंगमध्येच. चालतं का ते बघायला." मी त्यांना शेजारच्या एजन्सीतून मागवलेली एक ऑटोमॅटिक दाखवली. आजींनी स्वतः दार उघडलं, स्वतः बसल्या, स्वतः दार लावून घेतलं आणि आतून म्हणाल्या, "चला की आता, उभे काय राहिलात?" त्यांची पाठ ताठ होती, अण्णा. बसल्या होत्या बुटक्या गाडीत, पण कुणी ढकललं नव्हतं ना. त्या दिवशी मला तुमच्याशी परत भांडावंसं वाटलं, आणि या वेळी मी जिंकले असते.

त्याच सुमारास कंपनीचा एरिया मॅनेजर आला. म्हणाला, "मॅडम, फोर-व्हील अब बंद करो. पीछे का वर्कशॉप हटाओ, वहाँ डिलिवरी एरिया बनाते हैं. शहर की गाड़ी बिकेगी." त्याचं चूक नव्हतं. घाट चौपदरी झाले, बोगदे झाले, खड्ड्यातून जायला आता मुद्दाम खड्डा शोधावा लागतो. पण वर्कशॉप हटवायचं म्हणजे परदेशीपुऱ्यापासून तुमच्याबरोबर असलेल्या मिस्त्रीला घरी बसवायचं. आणि खरं सांगू, मला मिस्त्रीपेक्षाही त्या गाड्यांचा अपमान सहन झाला नाही. लोकांनी त्यांना मिरवायला नेलं, कंटाळा आला, सोडून दिलं. मी म्हटलं, "दिवाली तक रुको." तो म्हणाला, "सेंटिमेंट मत लाइए बीच में." मी म्हटलं, "सेंटिमेंट नहीं है भिया, गिऱ्हाईक शोधतेय." अर्धं त्याला कळलं नाही.

मग मी शहरात फोन करणं बंद केलं. बडवानीच्या डोंगरांत एक ट्रस्ट फिरता दवाखाना चालवतो असं कुणीतरी सांगितलं होतं. स्टॉकमधली एक धूळ खाल्लेली गाडी धुतली, मिस्त्रीला शेजारी बसवलं आणि निघाले. त्यांची साधी व्हॅन पायथ्याच्या नाल्याशीच थांबायची आणि सिस्टर औषधांची पेटी डोक्यावर घेऊन वर चालत जायच्या. त्यांनी माझ्या गाडीकडे संशयानं बघितलं. "ऊपर तक जाएगी?" "बैठो तो सही," मी तुमचंच वाक्य म्हटलं. वर गेलो. एका फळ्यातल्या, म्हणजे डोंगरावरच्या वस्तीतल्या, म्हाताऱ्याचं कमरेचं हाड मोडलं होतं, लोक त्याला खाटेवर घालून खाली न्यायच्या तयारीत होते. त्याला मागच्या सीटवर कसाबसा आडवा केला आणि उतरायला लागलो. तो प्रत्येक धक्क्याला कण्हत होता, आणि माझा पाय आपोआप ब्रेककडे जात होता. मी तो उचलून धरला. सिस्टरनी एका हातानं म्हाताऱ्याला आणि दुसऱ्या हातानं माझ्या खांद्यावरचं ओढणीचं टोक घट्ट धरलं होतं. खाली पोचल्यावर त्या म्हणाल्या, "यही चाहिए हमको. पर दीदी, इतनी ऊँची? मरीज को चढ़ाएँगे कैसे?" मला सुदामा नगरच्या आजी आठवल्या आणि मी रस्त्यावरच हसायला लागले.

मिस्त्रीनं मागच्या दाराला खाली सरकणारी पायरी केली, आतून बाहेर ओढता येईल असं स्ट्रेचर बसवलं. पहिलं बसवणं फसलं, चढावर ते स्वतःहून बाहेर आलं, मग खटका बदलला. ट्रस्टनं ती गाडी घेतली. तिच्याकडे बघून वनखात्याच्या माणसांनी विचारणा केली, मग पाड्यांवर सौरपंप बसवणारे आले. फार नाहीत. पूर्वीसारखी रांग आता कधीच लागणार नाही, हे मला माहीत आहे आणि मी ते मॅनेजरलाही सांगितलं. तो शेडमध्ये येऊन स्ट्रेचर दोनदा आतबाहेर करून बघून गेला, आणि वर्कशॉप राहिलं. पुढे शहरातल्या गाड्या, मागे चढाच्या. ज्याला ऑफिसला जायचं आहे त्याला मी मागच्या शेडकडे बघूही देत नाही, आणि ज्याला डोंगर चढायचा आहे त्याला काचेमागे अडवत नाही. मिस्त्रीनं हाताखाली दोन मुली घेतल्यात, आयटीआयच्या. त्यांना तो तुमच्याच शिव्या देतो.

तेव्हा अण्णा, तुमच्या दारात मी सोफे विकते, आणि विकत राहणार. आणि तुमच्या गाड्याही बंद पडू देणार नाही. या दोन्ही गोष्टींवर तुमची परवानगी मागत नाही, नुसतं कळवते.

पाठवायला पत्ता नाही, तेव्हा हे कागद माझ्याच टेबलावर राहतील. एक मात्र कबूल करते. दिवसभर गिऱ्हाइकांशी हिंदी, कंपनीशी इंग्रजी, आणि घरी लेक मराठीत विचारलेल्याचं उत्तर हिंदीत देते. आई गेल्यापासून सलग मराठीत भांडायला कुणी उरलेलं नाही. गाड्यांचं निमित्त होतं. निम्मी चिठ्ठी मी त्यासाठीच लिहिली.