लोखंडी हाताची मास्तरीण

ता. ९, मंगळवार, सकाळचे दहा

माझ्या लाडक्या ठमाबाईला आजीचा गालगुच्चा आणि टोपलीभर आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे. तूही वसतिगृहात पोटभर जेवत असशील. अक्षर वाकडं आहे ते चालवून घे, तिसरीत शाळा सुटली ती सुटलीच. पण ऐक, तुझी आजी मास्तरीण झाली! हसू नकोस.

रंगाच्या डब्यांना झाकणं बसवायचं आमचं काम तुला ठाऊकच आहे. समोरची डबा ठेवते, हात काढते, हिरवा दिवा लागतो, मग अलीकडची झाकण दाबते. आता अलीकडच्या, म्हणजे माझ्या, जागी लोखंडी हात आलाय. त्याला शिकवायला निवडलं कुणाला? मला! त्याचं मनगट धरायचं आणि आपण करतो तसं करवून घ्यायचं. आठ दिवसांत शिकला पठ्ठ्या. झाकण ठेवण्याआधी मी ते जरा फिरवून घेते ना, तेही उचललं त्याने. इंजिनिअर बाई म्हणाल्या, "आजी, अगदी तुमच्यासारखा आहे हो." मी म्हटलं, "मग बडबड कधी करणार?" सगळे हसले.

शिकवताना समोर माझी जाऊ होती. सव्वीस वर्षं आम्ही समोरासमोर. आता तिचे गुडघे गेले, घरी बसली. तिच्या जागी तुझी आई लागली आहे.

आईचं बोट बरं आहे. म्हणजे, काल हातमोज्याचं टोक झाकणाखाली अडकलं, नख काळं पडलं, एवढंच. मुकादम तिलाच बोलला, "हात हळू चालतात तुमचे. जमत नसेल तर घरी बसा." सकाळपासून ती ओट्यावर रिकामा डबा ठेवते, हात ओढते, पुन्हा ठेवते, ओढते. मला बघवत नाही. "जपून गं," म्हटलं, तर म्हणते, "तुम्ही शिकवलेला हात आहे, सासूबाई. तो कसा चुकेल? मीच मंद."

ठमे, ती मंद नाही.

मी दिव्याकडे कधी बघितलंच नाही. जावेचा खांदा जरा मागे सरला की तिचा हात निघणार, हे मला कळायचं. दिवा लागायच्या आत माझं झाकण खाली निघालेलं असायचं. शिकवतानाही तसंच केलं. बाईंनी विचारलं होतं, "आजी, कशाकडे बघून दाबता?" सगळे ऐकत होते, नियम दिव्याचा. मी म्हटलं, "दिव्याकडेच की."

तो माझी घाई शिकला, खांदा बघायला शिकला नाही. दिव्याची वाटच बघत नाही तो. हे माझ्या लक्षात येऊन आठवडा झाला. मास्तरकी जाईल, लोक हसतील, म्हणून गप्प बसले मी. काल नख गेलं, आज काय जाईल? आम्हाला झाकण बसवायला अख्खं अंग टाकावं लागायचं. तो नुसता टेकतो आणि पत्रा दबतो.

तुला लिहिलं, म्हणजे आता मला मागे फिरता येणार नाही.

आईने आत्ताच चपला घातल्या. मुकादमाने तासभर आधी बोलावलंय, वेग वाढवायला. मीही निघते. वाटेत तिला सांगते, आत गेल्यावर बाईंना, सगळ्यांसमोर. तोवर तिला त्या टेबलापाशी उभं राहू देणार नाही. तुला माझ्यावर रागवायचं असेल तर रागव. तुझा हक्क आहे.

तुझ्या आईचा हात धरून निघालेली,
आजी