नकार द्यायचा तर तपासून द्या

प्रिय धाकट्या,

शाळेच्या फाटकाशी मी गुडघ्यांवर बसून तुझ्या बुटांच्या नाड्या बांधायचे आणि तू खुशाल माझ्या डोक्यावर दप्तर टेकवून उभा राहायचास. शाळेतल्या सिस्टर हसायच्या. आता तू डायलिसिस सेंटरचा मोठा डॉक्टर आणि मी तुझी पेशंट.

किडनी बदलता येईल का, ते तपासायला मोठ्या हॉस्पिटलात पाठव म्हटलं, तर माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणालास, "ताई, या वयात कशाला? छान रुळली आहेस की इथे!" रुळायला ते काय माझं सासर आहे?

म्हणून तू सुट्टीवर गेलास तेव्हा तुझ्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाईंकडून मोठ्या हॉस्पिटलासाठी चिठ्ठी लिहून घेतली. सोमवारी मी जातेय. तुझी किडनी मागत नाहीये, घाबरू नकोस. किडनी मिळायच्या यादीत नाव लागेल किंवा लागणार नाही. पण नकार द्यायचा तर तिथल्या डॉक्टरांनी तपासून द्यावा, तू मायेने देऊ नकोस.

हे पत्र पाठवणार नाही; जेवायला आलास की तोंडावरच ऐकवीन. तेव्हा रडू आलं तर काही राहून जाऊ नये, म्हणून लिहितेय.

तपासण्या होईपर्यंत मी तिकडेच राहीन. सेंटरमधली माझी खिडकीजवळची खुर्ची मास्तरांना दे. लोकरीची शाल शिंपीणबाईंना दे. मशीन सुरू झालं की त्या कुडकुडतात. आणि कोपऱ्यातल्या ड्रायव्हरदादांना माझ्यासारखीच चिठ्ठी लिहून दे. ते मागणार नाहीत. किडनी बदलणं जमण्यासारखं असतं तर डॉक्टरांनीच सांगितलं असतं, असं ते बायकोला समजावतात.

तुझी,
ताई