दुपारी दोनचा फोन

पांढुर्णा, १६ जून २०२५

ती. उर्मिलाताईस,
सुचिताचा शि. सा. न. वि. वि.

बारा दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद काही रेकॉर्ड करत नाही, एवढं तरी मानशील.

तुझा आवाज पास झाल्याचा जो मेसेज तुझ्या मोबाईलवर आला, तो तुझ्या गौरवने भाऊजींसमोर मोठ्यानं वाचला, हे श्रुतीकडून कळलं. त्यातलं सगळं खरं आहे. उन्हाळाभर रोज दुपारी दोनला मी तुला फोन करायची, तो रेकॉर्ड करून एका कंपनीला पाठवायची. सासूबाई अंथरुणावर, मला उंबरा ओलांडता येत नाही, आणि श्रुतीला नागपूरला नर्सिंगला पाठवायचं आहे. घरबसल्या काम शोधताना तिलाच मोबाईलवर हे दिसलं. मशीनला आपली इकडची बोली शिकवायची म्हणून दोन माणसांच्या सहज गप्पा हव्या होत्या. दोघांची संमती हवी, अशी त्यांची अट होती. तुझ्या नावापुढे मीच हो लिहिलं.

पहिल्या दिवशी विचारणारच होते. पण तू फोन उचलताच बोलायला लागलीस, आणि इतकं मनातलं बोललीस, की आता विचारलं तर ही सावरून बोलेल, असं वाटलं. माझा अर्धा जीव कंपनीला लागणारी वीस मिनिटं भरण्याकडे असायचा. तू थांबलीस की मीच विचारायची, अन् मग काय झालं ताई?

कंपनीला खरं कळवून सगळं काढायला सांगितलं. त्यांनी काढलं, माझं कामही बंद केलं. श्रुतीने नंतर विचारलं, मावशीला माहीत होतं ना? मी पोळ्या लाटत राहिले.

लोभ असावा, हे लिहायचा हक्क मला उरला का, ते तूच कळव.

तुझी,
सुचिता


सौंसर, २३ जून २०२५

चि. सौ. सुचितास,
उर्मिलाताईचे आशीर्वाद. राग आहे, पण आशीर्वाद खरे आहेत.

गौरव आधी हसूनच राहिला होता. आईचा आवाज पास झाला म्हणून मला पेढे मागत होता. मग तुझ्या भाऊजींनी विचारलं, असं काय बोललीस तू कंपनीशी? मी म्हटलं, भाजीपाल्याचं. ते उठून गेले. तेव्हापासून घरात वावरताना वाटतं, अंगावर पदर नाही. तुझ्या त्या मशीनला आता सौंसरच्या बाईसारखं, जाऊ दे ना माय, म्हणता येत असेल. शिकव तिला अजून, भांडेही घासायला लाव.

पण राग त्याचा नाही, सुचे. मी दीड वाजता जेवण आटपून पाटावर फोन घेऊन बसायची. शेजारच्या स्नेहाला सांगायची, आता दोन तास येऊ नको, माझ्या बहिणीचा फोन येतो. इतक्या वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं, अन् मग काय झालं. मला वाटलं, तू विचारून राहिली.

आता एक काम कर. ते रेकॉर्डिंग तुझ्या मोबाईलमध्ये अजून असेल. ऐकू नको. न ऐकता लिहून पाठव, मी काय काय बोलले होते. एक गोष्ट मी दोनदा सांगितली होती, ती आठवते का पाहा.

सासूबाईंच्या पाठीला खोबरेल लावत जा. श्रुतीला आशीर्वाद.

तुझी ताई,
उर्मिला


पांढुर्णा, ३० जून २०२५

ती. ताईस,
सुचिताचा सा. न.

चार दिवस कागद समोर ठेवून बसले. आठवलं ते लिहिते.

रामाकोन्याच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून भाऊजी ताट उचलून टीव्हीसमोर जातात, आणि तू स्वयंपाकघरात एकटी जेवतेस. अंगणातल्या संत्र्याच्या झाडाला तू रोज, आज काय करू गं, असं विचारतेस. यावर मी खूप हसले होते. हसणं चांगलं रेकॉर्ड होतं म्हणून हसले, तेही आज लिहून टाकते. आई गेली त्या दिवशी तू रडली नाहीस, कारण पाहुण्यांचा चहा ठेवायचा होता.

उन्हाळाभराच्या बोलण्यातलं एवढंच. दोनदा सांगितलेली गोष्ट मला आठवत नाही, ताई. हे लिहिताना जेवढी लाज वाटली, तेवढी कंपनीला खरं सांगतानाही वाटली नव्हती. मोबाईल हातात घेतला, बोट त्यावर नेलं, आणि परत ठेवला. मग श्रुतीला बोलावून खरं सांगितलं आणि तिच्यासमोर सगळं पुसलं. आता ती गोष्ट फक्त तुझ्याजवळ आहे.

यांनाही सांगितलं. शनिवारी ते सासूबाईंजवळ थांबणार आहेत. तू जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जातेस, मी सकाळच्या बसने तिथेच येते. मोबाईल घरी ठेवून येते. मी काही विचारणार नाही. तुला वाटलं तर तिसऱ्यांदा सांग.

भेटेपर्यंत तुझ्या दाराबाहेर उभी,
सुचिता