न उकळलेल्या सुया

लातूर,
१९ एप्रिल १९८६

ज्ञानोबा मामांस,

जयभीम. आजवरच्या प्रत्येक पत्रात मी ‘तीर्थरूप’ लिहीत आले. या वेळी लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे.

आई-आबा बरे आहेत. गावाला टँकर तीन दिवसांआड येतो. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललंय, पण आमच्या ऑफिसातल्या कपाटांवर अजून उस्मानाबादचंच नाव आहे. मी कावीळ संशोधनाच्या कामावरच आहे. ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तर तुम्ही औसा तालुका सोडून मुखेडला जाऊन बसलात.

आबा परवा तुम्हाला भेटून आले. बाजाराच्या दिवशी लिंबाखाली टेबल टाकता म्हणे. “बायांची रांग, कडेवर लेकरं. एकच सुई, मधी मधी बोळ्यानं पुसत व्हता,” आबा म्हणाले. त्यांना त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं.

गावात कावीळ पसरली तेव्हा तुम्ही सांगत फिरलात की टँकरचं पाणी सडकं होतं. लोकांनी टँकरच्या ड्रायव्हरला झोडपलं. आमच्या ऑफिसातल्या डॉक्टर सरांनी मला वही देऊन घरोघर पाठवलं, तेव्हा मीही पाण्यालाच दोष देत निघाले होते. शेषेराव पाटलांकडे स्वतःची विहीर, टँकरचा थेंब त्यांनी घेतला नाही. तिथे तिघांना कावीळ. शेजारच्या तुळजाबाई रोज टँकरचं पाणी प्यायल्या, त्यांना काही नाही. मी विचारलं, “आजी, सुई घेतली होती का?”

“मला सुईचं लई भ्या. तुझ्या मामानं दोनदा धरलं, दोनदा पळाले,” म्हणाल्या आणि हसल्या. मी वहीत पाण्याशेजारी सुईचा नवा रकाना आखला.

आजारी चौदा. चौदाही जणांनी तुमची सुई घेतलेली. रक्त तपासून सर म्हणाले, ही पाण्याची कावीळ नव्हे, एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जाणारी. तिघी गेल्या. तिसरी आपली सरजामामी. तिची कावीळ उतरवायला बसवलं, चुन्याचं पाणी पिवळं झालं, तेव्हा तुम्ही म्हणालात, “उतरली बघ.” आणि ताकद यावी म्हणून तिला परत सुई दिलीत.

इथवर लिहायला सोपं गेलं. सगळी वाक्यं तुमच्याविषयी होती.

आबांजवळ तुम्ही निरोप धाडलात, “पोरीला सांगा, मी तोंड उघडलं तर तिची नोकरी राहणार न्हाई.” आबांनी विचारलं, “काय हाय ते? काय केलंस तू?” मी म्हटलं, काही नाही. आबांशी खोटं बोलायची ही पहिलीच वेळ.

मागच्या मे महिन्यात मी शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन आले होते. तोवर तुम्ही प्रत्येक रोग्यामागे सुई उकळत होता. दवाखान्यात कंपाउंडर होतात तेव्हा जुन्या डॉक्टरांनी शिकवलं म्हणून वीस वर्षं उकळत होता. मामी वैतागली होती. घरात दोन घागरी पाणी, त्यातलं निम्मं तुमच्या डब्यात. तेव्हा मी म्हटलं, “मामा, सकाळी एकदा उकळा. मग स्पिरिटनं पुसलं तरी जंतू मरतात.” तुम्ही विचारलंत, “नक्की?”

मला नक्की माहीत नव्हतं. तेवढंच म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, “मी सायन्स शिकलेय.”

तुम्ही ते मानलंत. घरातली पहिली शिकलेली पोर म्हणून मानलंत. त्याचं ओझं माझं आहे. पण जानेवारीत मी तुमच्यापुढे बसून, रडून सांगितलं की मी चुकले, सुया उकळा. तुम्ही म्हणालात, “आता उकळली तर लोक म्हणतील, आधी का न्हाई उकळली?” त्यानंतर मुखेडात टोचलेली प्रत्येक सुई तुमची एकट्याची. तिच्यात मला ओढू नका.

काल अहवाल सरांना दिला. कारणाच्या रकान्यात तुमचं नाव आहे. सुया पुसायला कुणी सांगितलं, तिथे माझं. सरांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, “मंगळवारपासून तुम्हाला कामावर ठेवता येणार नाही, सिंधुताई.” मी हो म्हटलं. रात्री आबांनाही सगळं सांगितलं. तेव्हा मामा, तुम्ही उघडणार होता ते तोंड आता खुशाल उघडा.

हे पत्र आजच मुखेडच्या एस.टी.नं धाडते आहे; सोमवारी आमची जीप तिथे येते. माझं शेवटचं काम तुमच्या रक्ताचा नमुना घेणं, आणि त्या लिंबाखाली सुई घेतलेली माणसं शोधणं. ती नावं तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाहीत. पळू नका. बाही वर करून बसा. माझ्याजवळच्या सुया प्रत्येकाला वेगळ्या आहेत, वीस मिनिटं उकळलेल्या. तिथेही उकळत राहू. पाणी नाही असं सांगू नका, घागर मी घरून भरून आणते आहे.

पत्रावर नावापुढे बी.एस्सी. लिहीत जा, पोस्टमनलाही कळू दे, असं तुम्ही बजावलं होतं. आज लिहीत नाही.

सरजामामीची भाची,
सिंधु