पन्नासच्या वीस नोटा

प्रिय संपत,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटेल, आईचा मोबाईल बिघडला की काय. मोबाईल चांगला चालू आहे. सोमवारपासून चार वेळा फोन केला, चारही वेळा तू ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो’ म्हणालास आणि तो नंतर काही उजाडला नाही. कागदाला मीटिंग नसते, म्हणून लिहायला बसले. बाहेर आप्पा गिऱ्हाइकांना चहा देतायत आणि मी आत तांदळाच्या पोत्यावर वही टेकवून लिहितेय. तू आणि सूनबाई स्वप्नाली सुखरूप असालच. मला राग आलाय, लई राग आलाय, आणि आईनं पोरावर असं रागवू नये वगैरे जे काही असतं ते मी आज बाजूला ठेवलंय.

तुम्ही मला क्रूझवर नेलंत ते कौतुकानंच नेलंत, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. वेल्ह्याच्या बाईनं उभ्या जन्मात समुद्र एकदा पाहिलेला, तोही हरिहरेश्वरला, साडी गुडघ्यापर्यंत धरून. मुंबईहून गोवा, पुढं कोची आणि परत मुंबई, म्हणजे माझ्यासाठी जगाची फेरीच. निघायच्या आधी तूच फोनवर समजावलं होतंस, की बोटीवर रोख पैसा चालत नाही, खोलीचं कार्ड दाखवायचं, सगळं त्याच्यावर पडतं. पण बंदराला उतरलं की हमाल, रिक्षा, शहाळंवाला, देवळातली पेटी, सगळ्यांना सुट्टे लागतात आणि पाचशेची नोट कुणी मोडून देत नाही. ‘आई, तुझ्या खानावळीत सुट्टे येतात, तीनेक हजारांचे घेऊन ये.’ आता ते दिवस राहिलेत का? तोरणा उतरून आलेली पोरं पिठलं-भाकरी खातात आणि भिंतीवरच्या त्या चौकोनाला मोबाईल दाखवून चालू पडतात. तरी महिनाभर मी दहाच्या, विसाच्या, पन्नासच्या नोटा बाजूला काढल्या, रबर लावले, कापडी पिशवीत घातल्या. पाचशेच्या सहा नोटा देऊन तू त्या रीतसर घेतल्यास. पिशवी तुझी, हे मला मान्य.

बोटीवर पहिल्याच दिवशी अडीचशे रुपयांचा चहा प्याले. कार्ड लावलं, यंत्र वाजलं, पैसे गेले, आणि गेलेले दिसलेसुद्धा नाहीत. वर माणशी रोजचं सेवाशुल्क कापतात, म्हणून ‘कुणाच्या हातावर काही ठेवू नकोस’ अशी तू मला ताकीद दिलीस. मी ठेवलं नाही. गोव्यात उतरल्यावर मात्र त्याच पिशवीतून तू शहाळंवालीला पैसे देताना दहा रुपयांसाठी किती हुज्जत घातलीस! ती बाई आपल्याकडं भाकऱ्या थापणाऱ्या रतनबाईच्या वयाची होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. सुट्टीचा विरस नको म्हणून गप्प बसले, आणि ती गप्प बसायची सवय मला पुढं फार महागात पडली.

आपली खोली आवरायला येणारा सोमनाथ तुला नावानं आठवतोय का, कुणास ठाऊक. चाळिशीचा, कानाजवळ केस पिकलेला. माझं बोलणं ऐकून त्यानंच विचारलं, “मावशी, भोरकडच्या का तुमी?” आपला वरंधा घाट उतरलं की महाडच्या अलीकडं त्याचं गाव. सहा-सहा महिने बोटीवर असतो, घरी बायको आणि म्हातारी आई. मी त्याला आपल्या खानावळीचं सांगितलं, कधी घाट चढून आलात तर जेवायला या म्हटलं. कोचीच्या आदल्या दिवशी त्यानं चाचरत विचारलं, “मावशी, हजाराचे सुट्टे मिळतील का? मोबाईल पाण्यात पडून बंद पडलाय. उद्या दोन तास उतरायला मिळणार, तेवढ्यात तो दुरुस्तीला टाकायचाय, आणि पाचशेची नोट बघितली की रिक्षावाला पुढं जातो.” त्यानं दोन पाचशेच्या नोटा माझ्या हातात ठेवल्या. मी पिशवीतून पन्नासच्या वीस नोटा त्याला मोजून दिल्या. आयुष्यभर लोकांना सुट्टे देत आले, त्यात तुला विचारावं असं मला वाटलंच नाही. त्या दोन नोटा माझ्या बटव्यात ठेवल्या आणि स्वप्नालीबरोबर वर गच्चीवर गेले. पिशवीत ठेवायला हव्या होत्या. एवढी चूक माझी.

शाल घ्यायला म्हणून मी एकटीच खाली आले, तर खोलीच्या दारात तू, काळ्या कोटातला बोटवाल्यांचा साहेब, आणि मध्ये सोमनाथ मान खाली घालून. शेजारच्या दोन खोल्यांची दारं उघडी, लोक बघतायत. तू पिशवी उघडलीस, पन्नासची गड्डी दिसली नाही, सोमनाथनंच चोरली असं तू बोलून गेलास आणि तक्रार लिहून सही पण करून मोकळा झालास. इथवर मी तुला दोष देत नाही. कुणाचंही झालं असतं. मी बटव्यातून नोटा काढून पलंगावर ठेवल्या आणि म्हणाले, “हे बघा, सुट्टे म्याच दिले याला. याचा काय बी दोष न्हाई.” साहेबानं तुझ्याकडं बघितलं. तू त्याच्याशी इंग्रजीत चार वाक्यं बोललास. त्यानं माझ्याकडं बघून हसून मान डोलावली आणि ते दोघं गेले. तू म्हणालास, “गैरसमज झाला होता, सांगितलं मी त्यांना. मिटलं.” मी विश्वास ठेवला. पोटच्या पोरावर नाही ठेवायचा तर कुणावर?

दुसऱ्या दिवशी खोली आवरायला वेगळाच माणूस आला. मी विचारलं, तर तू म्हणालास, “त्यांची ड्युटी बदलत असते, आई.” त्यानंतर मी विचारलं नाही. शेवटच्या संध्याकाळी तू आम्हाला त्या वरच्या महागड्या हॉटेलात नेलंस, काचेतून सूर्य बुडताना दिसत होता, तू माझ्यासाठी दोन प्रकारचं आईस्क्रीम मागवलंस. मी दोन्ही संपवली. घरी येऊन आप्पांना चवीनं सांगितलंसुद्धा.

मागच्या गुरुवारी दुपारी सोमनाथ आला. महाडहून एसटीनं भोर, तिथून नसरापूर, तिथून वेल्हे, आणि स्टँडवर ‘मंगलबाईंची खानावळ’ विचारत विचारत. मला वाटलं, जेवायला आलाय, मी हौसेनं ताट वाढलं. खाली मान घालून जेवला. मग म्हणाला, “मावशी, तुमी सुट्टे दिले एवढं चार ओळीत लिहून द्याल का?” मुंबईला बोट लागली त्याच दिवशी त्याला उतरवलं होतं. चौकशी होईपर्यंत काम नाही, पगार नाही. मी म्हटलं, अहो पण माझ्या मुलानं तर सगळं मिटवलं! तो लई खोदून विचारल्यावर बोलला, ते पण माझ्याकडं न बघता. संपत, तू त्या साहेबाला म्हणाला होतास, “माझी आई भोळी आहे. हा तिच्या गावाकडचा निघाला म्हणून तिला दया आलीय. या नोटा तिच्या स्वतःच्या आहेत, ती त्याला पाठीशी घालतेय.”

मी स्टुलावर बसले. माझ्यादेखत, मला कळत नाही त्या भाषेत, तू माझं खरं खोटं ठरवलंस. आणि मी तिथं उभी राहून त्या साहेबाच्या हसण्याला हसून मान डोलावली! निघताना सोमनाथनं जेवणाचे पैसे ताटाशेजारी ठेवले. मी नको म्हटलं, तर म्हणाला, “घ्या मावशी. आता कुणाचं काय फुकट घ्यायची भीती वाटती.” तेही ऐकून घेतलं मी.

त्याचं ऐकून तुझ्याबद्दल मत करायचं नाही, म्हणून स्वप्नालीला फोन लावला. तिच्यावर रागवू नकोस, तिनं काही मुद्दाम सांगितलं नाही. मी नोटांचं विचारलं आणि तिला वाटलं, मला सगळं माहीत आहे. “आई, मी म्हणत होते यांना, ते पाच हजार नका घेऊ म्हणून,” असं ती बोलून गेली. मनस्ताप झाला म्हणून बोटवाल्यांनी तुझ्या कार्डावर पाच हजार टाकले होते. त्यातूनच ते काचेच्या हॉटेलातलं जेवण. एका माणसाचा रोजगार घालवून मिळालेलं आईस्क्रीम तू मला चारलंस, आणि मी चमचा चाटूनपुसून खाल्लं. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते कढईतली भजी काढायची विसरले, सगळा घाणा जळाला.

तू दहा वर्षांचा होतास, रविवारी गल्ल्यावर बसायचास. एका पुण्याच्या माणसानं सगळ्या गर्दीत आरडाओरडा केला होता, की मी पाचशेची नोट दिली आणि या पोरानं शंभरचे सुट्टे दिले. तू रडून रडून सांगत होतास, शंभरचीच होती. मी त्याला वरचे चारशे दिले, पण पोराला चोर म्हणू नका म्हटलं. तो निम्मा गड चढला आणि त्याला ती नोट खिशात सापडली. माणूस तिथून उलटा फिरला, घामाघूम होऊन आला आणि जेवढी माणसं बसली होती त्यांच्यासमोर तुला म्हणाला, “बाळा, चूक माझी होती.” त्या दिवशी त्याचा गड राहिला. तो कोण, त्याचं नाव काय, आपल्याला माहीत नाही. तुला मात्र त्याचं तोंड अजून आठवतं, तूच दिवाळीत म्हणाला होतास. मग तो माणूस काय कष्ट घेऊन खाली उतरला, हे तुझ्या डोक्यात कधी आलं नाही? तुला तर जिनासुद्धा उतरायचा नव्हता. चार शेजाऱ्यांसमोर ‘माझं चुकलं’ म्हणायचं होतं, एवढंच.

मी लिहून दिलं, खाली पूर्ण नाव घालून सही केली. सोमनाथनं ते बोटवाल्यांच्या कचेरीत दिलं. तिथं सांगितलं, की तक्रार प्रवाशाच्या नावानं आहे, ती त्या प्रवाशानंच लेखी मागं घ्यायला हवी, आईचा कागद चालणार नाही. चौकशी वीस तारखेला आहे. म्हणून येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं मी सोमनाथला घेऊन तुझ्या घरी येतेय. रविवार आपल्या धंद्याचा दिवस, पण आप्पा म्हणाले, तू जा, मी बघतो. आम्ही दोघं तुझ्या दारात अचानक उभे राहिलो तर स्वप्नालीसमोर तुझी मान खाली जाईल, ती जाऊ नये म्हणून हे आधी कळवतेय. माझ्याकडून तुला एवढीच सवलत. त्याची माफी माग, ते पाच हजार बोटवाल्यांना परत कर आणि माझ्यासमोर बसून तो अर्ज लिही. आधी मराठीत लिही आणि मला मोठ्यानं वाचून दाखव. मग त्याचं इंग्रजी कर. ते बरोबर झालंय का, हे सोमनाथ मला सांगेल.

तुझीच, आणि या बाबतीत तुझ्या बाजूनं नसलेली,
आई