गोलाईचा हट्ट

सोमवार, ३ मार्च

पुन्हा तेच! जरा झूम केलं की स्क्रीन पांढरीफटक. मग माझी कॉइल — चिपवरचं धातूच्या रेघेचं गोल वेटोळं — उपकार केल्यासारखी एकेक रेघ उगवत राहते. चहा निवतो, चित्र पुरं होत नाही. चिपचे आराखडे काढण्यासाठीच जन्माला आलेलं सॉफ्टवेअर, आणि गोल आकार समोर आला की त्याला धाप लागते!

कारण मला ठाऊक आहे. खरं वर्तुळ त्याला कळतच नाही; बिंदूला बिंदू सरळ रेघांनी जोडून ते गोलाईचा भास निर्माण करतं. भासच असेल तर तो निर्दोष असावा, म्हणून मी एकेका वेढ्याला हजारो बिंदू दिले. यात माझं काय चुकलं?

गुरुवारी आराखड्याची तपासणी. साहेब आज स्पष्टच म्हणाले, "त्या दिवशी फाइल अशी रखडली, तर जुनी अष्टकोनी कॉइल बसवायची. विषय संपला." दोन वर्षांचं माझं काम, आणि त्याच्या जागी ते आठ कोपऱ्यांचं धूड!

धूड अर्थात 'चौकोन'चं. शेजारच्या टेबलावरचा हा ज्येष्ठ सहकारी सगळं सरळ रेघांत कोंबतो, म्हणून हे नाव — मनातल्या मनात — मीच ठेवलेलं.

मंगळवार, ४ मार्च

सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतनिसाला फोन. "मॅडम, बिंदू थोडे कमी करून बघता का?" म्हणजे दोष यांचा आणि प्रायश्चित्त माझ्या कॉइलने घ्यायचं! आवाज चढवल्यावर सुधारित आवृत्ती पाठवतो म्हणाला.

चौकोनने मान लांब करून सगळं ऐकलं. "डॉक्टरबाई, गोलाला एवढं नटवताय, स्थळं बघायला जायचंय का त्याच्यासाठी?" माझ्या पीएचडीवरून तो मला असंच म्हणतो. स्वतःच हसला. मी हसले नाही.

घरीही तेच. जेवता जेवता आई म्हणाली, "अगं, नखाएवढी ती वस्तू. कोण बघणार आहे एवढं?"

"मी!"

"मग जेव आधी. बघायला डोळे शाबूत हवेत ना."

बुधवार, ५ मार्च

नवी आवृत्ती बसवली. फरक शून्य. उद्या तपासणी!

गुरुवार, ६ मार्च

चमत्कार! सकाळी फाइल उघडली आणि कॉइल क्षणात हजर. झूम करा, सरकवा — कुठे अडखळणं नाही. मदतनिसाने काल आणखी एक दुरुस्ती पाठवली होती, तीच अखेर लागू पडली असणार. या लोकांना सुनावल्याशिवाय काही होत नाही.

तपासणीआधी चौकोन टेबलाशी आला. "डॉक्टरबाई, त्या कॉइलचं एक सांगायचं होतं—"

"नंतर!" म्हटलं. आयत्या वेळी कोपऱ्यांची वकिली कोण ऐकणार?

तपासणी सुरेख पार पडली. शेवटी मोठ्या पडद्यावर बोट ठेवून मी सर्वांना ऐकवलंच — "ही गोलाई बघा. तडजोड न केल्याचं हे फळ." साहेबांना खोकल्याची उबळ आली. चौकोन पेन्सिलीला टोक काढत होता.

शुक्रवार, ७ मार्च

आईला दाखवायला चित्र छापावं म्हणून कॉइलचा एक वेढा मोठा केला. आणखी मोठा केला. कोपरा! पुढे दुसरा. मोजले. वेढ्याला चौसष्ट बाजू.

ही माझी कॉइल नाही.

तडक साहेबांच्या खोलीत. ते शांतपणे म्हणाले, "बुधवारी तुमच्या शेजारच्या टेबलवाल्यानेच परवानगी मागितली. तुमची कॉइल वाचवायची तर बिंदू कमी करणं एवढाच मार्ग आहे म्हणाला. तुम्हाला सांगणार होता. मूळ फाइल जपून ठेवलीय; सोमवारी कारखान्याकडे कोणती पाठवायची, तुम्ही ठरवा."

जागेवर येऊन दोन्ही कॉइलच्या चाचण्या चालवल्या. काहीतरी फरक निघावा म्हणून अक्षरशः देव पाण्यात ठेवले! निकाल एकसारखे. आणि मी — जिला दुसऱ्याच्या कामातलं कुसळ दुरून दिसतं — काल चारचौघांत त्या चौसष्ट कोपऱ्यांचं कौतुक करत उभी होते.

आईने विचारलं, "चित्र आणलंस?"

"विसरले."

सोमवार, १० मार्च

चौसष्टवाली पाठवली. मग शेजारी, त्यांच्या टेबलाशी गेले. आभार वगैरे जमलं नाही. "चौसष्टच का?" एवढंच विचारलं.

"आधी बत्तीस करून पाहिल्या," मान वर न करता ते म्हणाले. "त्या तुम्ही लगेच ओळखल्या असत्या."